संगणक आपला, मालकी कोणाची?

इंदूरला आमच्या शाखेच्या कार्यालयासाठी अलीकडेच नवा संगणक घ्यायचे ठरले. सभासदांच्या वर्गणीचा पैसा, तो विचार करूनच खर्च व्हावा, म्हणून कार्यकारिणीने आम्हा तिघांना बाजारात पाठवले. कामे ठरलेली होती. सभासदांची यादी, वर्गणीचा हिशेब, व्यवस्थापनाला द्यायची पत्रे, मराठी-हिंदी पत्रके आणि ई-मेल. यातल्या एकाही कामासाठी विंडोज लागत नाही. म्हणून आम्ही सरळ विचारले, "लिनक्सवाला संगणक दाखवा." दुकानदार आमच्या तोंडाकडे पाहतच राहिला. "भाईसाहब, वो कौन लेता है?"

तीन दुकाने झाली. पहिल्यात तसा संगणक नव्हता. दुसऱ्यात "मागवावा लागेल, आगाऊ पैसे भरा, परत घेणार नाही" असे ऐकवण्यात आले. तिसऱ्यात एक लॅपटॉप निघाला. त्याच्या खोक्यावर 'डॉस' लिहिलेले होते, म्हणजे व्यवहारात आत काहीच नाही. दुकानदार लगेच म्हणाला, "ले जाइए, विंडोज हम डाल देंगे, उसका पैसा नहीं." बिलावर त्याची नोंद होणार नव्हती, हे वेगळे सांगायला नको.

म्हणजे आमच्यापुढे तीन मार्ग होते : पैसे मोजून विंडोज, चोरीचे विंडोज, किंवा रिकाम्या हाताने घरी. खुल्या बाजाराचे भाट यालाच 'ग्राहकाचे निवडस्वातंत्र्य' म्हणतात!

माल खराब आहे का?

ज्या बंधू-भगिनींचा या विषयाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. संगणक हे यंत्र. त्याला चालवणारी जी मूळ आज्ञावली असते तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज ही त्यातली एक, मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीच्या मालकीची. तिच्या आत काय आहे ते पाहण्याचा, बदलण्याचा, शेजाऱ्याला प्रत देण्याचा अधिकार विकत घेणाऱ्याला नाही. याला छेद देणारी दुसरी परंपरा आहे. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लायनस टोरवाल्ड्स याने लिनक्सचा गाभा लिहून तो सर्वांसाठी खुला केला. जगभरच्या हजारो प्रोग्रामरांच्या श्रमातून ही प्रणाली उभी राहिली. ती कोणीही वापरावी, तपासावी, सुधारावी, वाटावी. अट एवढीच की पुढच्यालाही तोच हक्क द्यावा.

आता कोणी म्हणेल, फुकटचा माल कच्चाच असणार. तर मग ऐका. जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांची जी यादी निघते, त्यातील एकूण एक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालते आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच. हवामानाचा अंदाज काढायला जी प्रणाली पुरते, ती आमच्या वर्गणीच्या हिशेबाला पुरत नाही, असे कोण म्हणेल? मग फक्त सामान्य माणसाच्या टेबलावरील संगणकापुरतीच ती दुकानातून गायब का होते?

'लिंकिंग'चा जुना धंदा

याचे उत्तर शेतकऱ्याला विचारा. ऐन हंगामात तो युरियाचे पोते आणायला जातो, तेव्हा दुकानदार त्याच्या गळ्यात नको असलेले दुसरे खत मारतो. "हे घेणार असाल तरच युरिया." याला आपल्याकडे 'लिंकिंग' म्हणतात. गॅसची नवी जोडणी घेताना एजन्सीची शेगडी घेतलीच पाहिजे, असा दम आपल्या घरांनीही खाल्लेला आहे. १९६९ च्या मक्तेदारीविरोधी कायद्याने अशा जोडविक्रीला निर्बंधक व्यापारप्रथा ठरवले होते. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २००२ च्या स्पर्धा कायद्यातही बाजारातील स्पर्धेला बाधक ठरणाऱ्या जोडविक्रीविरुद्ध तरतूद आहे.

संगणकाच्या बाबतीत मात्र लिंकिंग दुकानाच्या फळीवर होत नाही. ते त्याच्या कितीतरी आधी, कारखानदार आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यातील करारात होते. म्हणून ते दिसत नाही, आणि म्हणूनच ते इतकी वर्षे टिकले.

१९९० च्या सुमाराची पद्धत पाहा. संगणक बनवणारी कंपनी मायक्रोसॉफ्टला पैसे द्यायची ते प्रत्येक विंडोजमागे नव्हे, तर विकलेल्या प्रत्येक संगणकामागे. मग त्यात मायक्रोसॉफ्टची प्रणाली असो वा नसो! मिठाईवाल्याने दूधवाल्याशी करार करावा की, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक डब्यामागे दुधाचे पैसे देईन, डब्यात चिवडा असला तरी. असा करार केल्यावर तो चिवडा का विकेल? अमेरिकेच्या न्याय खात्याने खटला भरल्यावर १९९४ साली झालेल्या तडजोडीत मायक्रोसॉफ्टला ही पद्धत सोडावी लागली. पण तोवर मैदान मारून झाले होते.

पुढचा खटला १९९८ चा. न्यायमूर्ती थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये नोंदवलेले निष्कर्ष प्रत्येक कामगार कार्यकर्त्याने वाचावेत असे आहेत. आयबीएमसारखी अवाढव्य कंपनी स्वतःची 'ओएस/टू' ही प्रणाली विकत होती आणि मायक्रोसॉफ्टशी स्पर्धा सोडायला तयार नव्हती. विंडोज ९५ चे उद्घाटन २४ ऑगस्ट १९९५ ला व्हायचे होते. आयबीएमला आपल्या संगणकांत ते घालण्याचा परवाना कधी मिळाला? उद्घाटनाच्या केवळ पंधरा मिनिटे आधी! जिथे आयबीएमला दारात ताटकळत ठेवले जाते, तिथे एखादा लहान जोडणीदार "मी लिनक्स घालून विकतो" असे म्हणण्याचे धाडस कोणाच्या जोरावर करील?

हिताची या जपानी कंपनीचे उदाहरण तर विनोदी वाटावे असे आहे. 'बीओएस' नावाची एक स्पर्धक प्रणाली होती. ती मुक्त नव्हती, पण १९९९ साली तिच्या मालकांनी उत्पादकांना ती फुकट देऊ केली. अट एकच : संगणक सुरू होताना ग्राहकाला ती दिसली पाहिजे. हिताचीने ती आपल्या एका संगणकात भरली खरी, पण सुरू होताना फक्त विंडोजच दिसेल अशा रीतीने. दुसरी प्रणाली आत असूनही ती उघडायची तर ग्राहकाने शोध घेऊन खटाटोप करायचा. विंडोज सुरू होण्याच्या क्रमात ढवळाढवळ करू नये, अशी उत्पादकांवर कराराने बंदी होती. बीओएसच्या कंपनीने २००२ साली मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. २००३ साली, आरोप मान्य न करता, मायक्रोसॉफ्टने २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन तो मिटवला. तोपर्यंत ती कंपनी बंद पडलेली होती. मक्तेदाराला दंड हा धंद्याचा खर्च असतो; तो मेलेल्याला जिवंत करीत नाही.

स्वस्त संगणकाचा धडा

हे सारे अमेरिकेचे झाले, असे म्हणून सुटका नाही. २००५ साली आपल्या देशात दहा हजार रुपयांच्या आतील संगणकाचा गाजावाजा झाला. एचसीएलने ९,९९० रुपयांचा संगणक काढला. कोलकात्याच्या झेनिटिसने 'आमार पीसी' काढला. दोन्हींत लिनक्स होते, कारण त्या किमतीत विंडोजचा परवाना बसूच शकत नव्हता. म्हणजे गरिबाला संगणक द्यायचा म्हटल्यावर कारखानदारालाही मुक्त प्रणालीच आठवली!

त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने भारतात हिंदीतून विंडोज एक्सपीची 'स्टार्टर' आवृत्ती आणली. किंमत कमी, पण एका वेळी तीनच कार्यक्रम उघडता येतील अशी तजवीज. यंत्राची ताकद जास्त, पण गरीब ग्राहकाने ती वापरायची नाही! रेशनच्या दुकानात वेगळ्या रांगा असाव्यात तसा हा प्रकार.

पुढे २००७ च्या ऑक्टोबरात तैवानच्या असूस कंपनीने 'ई पीसी' नावाचा सात इंची पडद्याचा लहान, स्वस्त संगणक लिनक्स घालून आणला. तो धडाक्याने खपला. त्याच वर्षी आलेली विंडोज व्हिस्टा इतकी अवजड होती की असल्या यंत्रावर ती चालणे शक्य नव्हते. बाजारात प्रथमच एक दार उघडले होते. मायक्रोसॉफ्टने काय केले? निवृत्त करायला काढलेली विंडोज एक्सपी एप्रिल २००८ मध्ये केवळ अशा लहान यंत्रांसाठी पुन्हा कामावर घेतली आणि ती स्वस्तात देऊ केली. त्यासाठी यंत्राचा पडदा आणि क्षमता किती असावी यावरही मर्यादा घातल्या. वर्षभरात चित्र पालटले. २००९ साली अमेरिकेतील अशा यंत्रांच्या विक्रीत विंडोजचा वाटा नव्वद टक्क्यांच्या वर गेल्याचे कंपनीने स्वतःच अभिमानाने सांगितले. स्पर्धक दिसला की भाव पाडायचा, स्पर्धक गेला की भाव चढवायचा. गिरणगावातला किराणा व्यापारीही हे जाणत होता.

"लोकांनाच ते नको आहे"

आता प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे ऐकू. ते म्हणतात : लिनक्सवर टॅली चालत नाही, अमुक प्रिंटर चालत नाही, बिघडले तर दुरुस्त करणारा गल्लीत मिळत नाही, ग्राहक यंत्र परत आणून देतो.

यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. २००८ साली एका तैवानी उत्पादकाने लिनक्सची यंत्रे जास्त प्रमाणात परत येतात, अशी कबुली दिली होती. त्या यंत्रांत प्रत्येक कंपनीने आपापली मोडतोड केलेली आवृत्ती घातली होती. तिच्या दुरुस्तीची जबाबदारी कोणी घेत नव्हते आणि ग्राहकाला काय घेतोय हे कोणी सांगितलेही नव्हते. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतील मित्रांनीही आपल्या घरातला हा केर मान्य केला पाहिजे. तज्ज्ञांनी तज्ज्ञांसाठी बनवलेली वस्तू कामगाराच्या हाती आपोआप बसत नाही.

पण प्रश्न असा की, ही परिस्थिती कारण आहे की परिणाम? टॅली लिनक्ससाठी बनत नाही, कारण गिऱ्हाईक विंडोजवर आहे. गिऱ्हाईक विंडोजवर आहे, कारण टॅली तिथे आहे. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी आपल्या निष्कर्षांत याच कुंपणाचे वर्णन केले आहे. शिवाय उत्पादकाचे गणितही पाहा. मोठ्या कंपनीला विंडोज घाऊक भावात मिळते, जाहिरातीला हातभार मिळतो. वर 'तीस दिवस मोफत' छापाची विषाणूरोधक आज्ञावली आणि इतर नमुने संगणकात भरून ठेवण्याबद्दल दुसऱ्या कंपन्या तिला पैसे मोजतात. लिनक्स फुकट आहे, पण लिनक्सच्या वतीने दुकानदाराला कमिशन देणारा कोणी नाही. म्हणूनच कित्येकदा लिनक्सचा संगणक विंडोजच्या संगणकाइतकाच महाग असतो आणि ग्राहक म्हणतो, मग विंडोजच का नको?

त्यातच २०१२ च्या विंडोज ८ पासून नव्या संगणकांना 'सिक्युअर बूट'चे कुलूप आले. ओळखीची सही असलेली प्रणालीच सुरू व्हावी, असा त्याचा हेतू. सुरक्षेचे कारण खोटे नाही. पण सही कोणाची? मायक्रोसॉफ्टची. लिनक्सच्या वितरकांनाही सर्वसाधारण संगणकावर सुरळीत चालायचे तर त्याच कंपनीकडून शिक्का मारून आणावा लागतो. साध्या संगणकावर हे कुलूप काढता येते, पण ते कसे काढायचे हे किती जणांना ठाऊक आहे?

चोरीची प्रत फुकट नसते

आपल्या देशात एक समजूत खोलवर रुजली आहे : "आपण कुठे पैसे देतो? दुकानदार टाकून देतो." यात आपण कंपनीला फसवल्याचा आनंद असतो. फसतो कोण? १९९८ साली बिल गेट्स यांनी चीनमधील चोरीबद्दल बोलताना जे सांगितले त्याचा आशय असा : चोरायचेच असेल तर त्यांनी आमचेच चोरावे, त्यांना सवय लागेल आणि पुढे वसुली कशी करायची ते आम्ही पाहू. सावकारही पहिले कर्ज हसतमुखाने देतो. नेहरू प्लेस असो, लॅमिंग्टन रोड असो, चेन्नईची रिची स्ट्रीट असो, तिथे वर्षानुवर्षे फुकट वाटल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीने एक नवा सवयीचा गुलाम तयार केला आणि मुक्त प्रणालीचा एक संभाव्य वापरणारा कमी केला. आपल्या युनियन कार्यालयांतही अशा प्रती आहेत, हे कटू असले तरी खरे आहे. कायद्याचा बडगा उगारायचा झाला तर व्यवस्थापनाच्या हाती आपण आयते कोलीत देऊन ठेवले आहे.

किंमत कामगार मोजतो

महाराष्ट्रातील सरकारी कर्मचाऱ्यांना हे अनुभवाने माहीत आहे. संगणक अर्हता परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी ३१ डिसेंबर २००७ ही मुदत घालण्यात आली. मुदत चुकलेल्यांच्या वेतनवाढी रोखल्या गेल्या. त्यासाठी लाखो लोकांनी जो एमएस-सीआयटी अभ्यासक्रम केला, त्याच्या नावातील 'एमएस' म्हणजे महाराष्ट्र स्टेट. शिकवले गेले ते प्रामुख्याने विंडोज आणि ऑफिस! संगणक शिकवणे वेगळे आणि एका कंपनीची बटणे पाठ करून घेणे वेगळे. कारकुनाची वेतनवाढ अप्रत्यक्षपणे एका कंपनीच्या मालाशी बांधली गेली आणि आपण फक्त मुदतवाढ मागत राहिलो.

दुसरी किंमत आता समोर आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित मोफत आधार संपला. विंडोज ११ ला ठरावीक सुरक्षा-चिप आणि साधारण २०१८ च्या आसपासचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे चालता-बोलता संगणक केवळ मालकाच्या हुकमाने 'जुना' ठरला. कार्यालये ते भंगारात काढणार. ते भंगार दिल्लीच्या सीलमपूरला, मुरादाबादला पोहोचणार आणि तिथे उघड्या हातांनी पट्ट्या तोडणारे, आम्लात धातू वेगळा करणारे आपलेच असंघटित बांधव तो धूर छातीत घेणार. याच यंत्रांवर लिनक्स घातले तर त्यांतील बहुतेक आणखी कित्येक वर्षे चालतील.

केरळने काय केले?

हे अटळ नाही. केरळात शालेय संगणक शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा तोही मायक्रोसॉफ्टच्या चौकटीतच होता. शिक्षक संघटना आणि मुक्त सॉफ्टवेअरचे कार्यकर्ते यांनी आवाज उठवला. काही वर्षांत शाळा मुक्त प्रणालीवर आल्या. आज तेथील 'काइट' ही सरकारी यंत्रणा स्वतःची लिनक्स आवृत्ती तयार करते आणि दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांत ती असल्याचे सांगते. केरळ वीज मंडळात बिलाची 'ओरुमा' ही आज्ञावली मंडळाच्या कर्मचाऱ्यांनीच मुक्त साधनांवर घडवली. बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचे काम आतल्या कामगाराने केले, यापेक्षा मोठा युक्तिवाद कोणता?

येथे गोम ध्यानात घ्या. केरळात कोणी दुकानदाराची मनधरणी केली नाही. सार्वजनिक पैशाने घेतलेल्या यंत्रात काय असावे, हे संघटित मागणीने ठरवले गेले. कारखानदाराच्या सद्बुद्धीवर नव्हे, तर मोठ्या खरेदीदाराच्या अटीवर बाजार वाकतो.

आपण काय मागायचे?

१. संगणकाच्या बिलात यंत्राची किंमत आणि ऑपरेटिंग सिस्टिमची किंमत वेगवेगळी दाखवावी आणि नको असेल त्याला ती नाकारून पैसे परत घेता यावेत. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली असा परतावा मान्य केला. युरोपीय न्यायालयाने २०१६ साली मात्र सोनीच्या खटल्यात प्रणालीसह विक्री ही आपोआप गैर ठरत नाही, असे म्हटले. तेव्हा न्यायालयावर विसंबून चालणार नाही, नियमच हवा.

२. ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड फोनवर आपली ॲप्स आधीच लादल्याच्या आणि संबंधित गैरप्रकारांबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. फोनला लावलेला न्याय संगणकालाही लावावा.

३. केंद्र सरकारच्या २०१५ च्या धोरणानुसार सरकारी निविदेत मुक्त सॉफ्टवेअरच्या विचाराची अट हवी आणि पुरवठादाराने ते वगळल्यास कारण द्यायला हवे. प्रत्येक शाखेने आपल्या खात्यात माहितीच्या अधिकाराखाली विचारावे : ते कारण दाखवा!

४. नोकरी, बढती, वेतनवाढ यांसाठीची कोणतीही संगणक परीक्षा एका कंपनीच्या मालाशी बांधलेली नसावी.

५. आणि सुरुवात स्वतःपासून. युनियनच्या कार्यालयातील एक तरी संगणक या वर्षी मुक्त प्रणालीवर आणावा. आमच्या शाखेने शेवटी तो 'डॉस'चा लॅपटॉपच घेतला. दुकानदाराची भेट नाकारली. वीज मंडळातल्या एका तरुण सभासदाने रविवारी दुपारी त्यावर लिनक्स बसवून दिले. पहिला आठवडा कुरकुरीत गेला. प्रिंटरने दोन दिवस छळले. आता खजिनदार तक्रार करीत नाहीत.

१९६० च्या दशकात कोलकात्याच्या इलाको हाऊसमध्ये संगणक बसू नये म्हणून विमा कर्मचाऱ्यांनी रात्रंदिवस पहारा दिला. त्यांची आज थट्टा करणारे पुष्कळ आहेत. पण त्यांनी विचारलेला प्रश्न खरा होता : हे यंत्र कोणाच्या हुकमाने चालणार? पुढे करार झाले, यंत्रे आली, आपण ती शिकलो, त्यांवर घाम गाळला. तो प्रश्न मात्र आपण यंत्राच्या खोक्याबरोबर दारातच ठेवून दिला. तो आता आत घेण्याची वेळ आली आहे.